मशीनला पाच वेळा ‘का’, पोरीला एकदाही नाही

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. चाकणच्या एका छोट्या कारखान्यातून सकाळीच फोन आला. मी आयुष्यभर भोसरीत क्वालिटीत काम केलं. आता निवृत्त आहे, पण काही अडलं की जुनी माणसं हक्कानं बोलावतात. तिथं एका हाउसिंगच्या बोअरमध्ये ओरखडे येत होते आणि मोठ्या कंपनीनं अख्खा लॉट परत पाठवला होता. शॉपमध्येच, मशीनशेजारी, पाच-सहा जण गोल करून उभे होते. सुपरवायझरनं फळ्यावर लिहिलं : बोअरमध्ये ओरखडे का? एक जण म्हणाला, इन्सर्टची धार तुटली होती. धार का तुटली? टूल तापत होतं. का तापत होतं? कूलंट पुरेसं येत नव्हतं. ते का येत नव्हतं? इथं सगळे गप्प झाले. तेवढ्यात मागं उभा असलेला ऑपरेटर पुढं आला. औसा तालुक्यातला, आयटीआय झालेला, चारचौघांत बोलायला बुजणारा. काही न बोलता त्यानं कूलंटच्या टाकीचं झाकण उचललं, आत हात घातला आणि जाळी बाहेर काढली. धातूच्या चिप्सनी गच्च भरलेली. ती का भरली? ‘ही धुवायचं काम कुणाच्याच चेकलिस्टमधी नाही, साहेब. फर्स्टवाल्याला वाटतं सेकंडवाला धुतो, सेकंडवाल्याला वाटतं फर्स्टवाला.’

पाच ‘का’ विचारून झाले आणि लाखाचं नुकसान एका जाळीपाशी येऊन थांबलं. माझा ऊर भरून आला. हा माणूस विचार करतो. पाहतो, ताडतो, पडताळतो, आणि चूक कुणाची हे शोधण्याआधी कारण काय हे शोधतो.

संध्याकाळी त्यानंच आग्रहानं मोशीला घरी नेलं. दोन खोल्या, पत्र्याचं छप्पर, दारात सायकल. सातवीतली मुलगी भिंतीला टेकून गाईडमधलं उत्तर वहीत उतरवत होती. प्रश्न होता, बर्फ पाण्यावर का तरंगतो? उत्तर होतं, बर्फाची घनता पाण्यापेक्षा कमी असते म्हणून बर्फ पाण्यावर तरंगतो. लिहिता लिहिता ती थांबली. ‘ओ पप्पा, घनता म्हणजे काय?’

तो बूट काढत होता. बारा तासांची ड्यूटी करून आलेला. म्हणाला, ‘पाठ कर बाई. परीक्षेला तेवढंच विचारतेत.’

ती पुन्हा लिहायला लागली.

मी चहा प्यायलो, पण तो घशाखाली उतरेना. ज्या माणसानं सकाळी एका टाकीला पाच वेळा ‘का’ विचारला, त्यानं संध्याकाळी आपल्याच लेकीचा एक प्रश्न गुंडाळून ठेवला. दोष त्याचा नव्हता. त्याला लहानपणी असंच गप्प केलेलं. कारखान्यानं त्याला विचार करायला शिकवलं ते वयाच्या पंचविशीत, आणि तेसुद्धा फक्त मशीनपुरतं. म्हणून आज मी हे लिहितोय. पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या, भोसरी-चिखली-तळवडे-महाळुंग्याच्या प्रत्येक घराला, आणि ज्यांच्या हातात शाळा आहेत त्या प्रत्येकाला, माझं एकच सांगणं आहे : जो प्रश्न आपण लोखंडाला विचारतो तो आपल्या लेकरांना विचारा, आणि त्यांना तो विचारू द्या.

हा पाच वेळा ‘का’ विचारायचा रिवाज आला कुठून? जपानमधून. साकिची टोयोडा यांच्यापासून तो चालत आला आणि तैची ओनो यांनी टोयोटाच्या उत्पादनपद्धतीचा तो पायाच केला. आपल्या शॉपमधल्या भिंतींवर माशाच्या काट्याची जी आकृती टांगलेली असते ती काओरू इशिकावांची. चुकीचा पार्ट बसूच नये अशी जी खुंटी आपण फिक्श्चरला लावतो, ती पोका-योके, शिगेओ शिंगोंची. कायझेन, म्हणजे सतत थोडी थोडी सुधारणा, हा शब्द आता आपल्या हेल्परलाही माहीत आहे. याच पट्ट्यात जर्मन कंपन्या आल्या, कोरियन आल्या. जगातल्या तीन-चार संस्कृतींची काम करायची रीत आपल्या दारात रोज सकाळी बस भरून येते आणि संध्याकाळी परत जाते. त्यांनी आपल्याला मशीन दिली, गेज दिले, चेकशीट दिल्या. पण ती माणसं आपल्या मुलांना कसं घडवतात हे मात्र आपण कधी विचारलं नाही.

ते विचारूया.

१९९५ च्या सुमारास जर्मनी, जपान आणि अमेरिका या तीन देशांतल्या आठवीच्या गणिताच्या वर्गांचं चित्रीकरण झालं. एकूण २३१ तास, म्हणजे २३१ वेगवेगळे वर्ग. जेम्स स्टिगलर आणि जेम्स हीबर्ट यांनी १९९९ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. मुलं आपापल्या जागी बसून काम करतात तेव्हा नेमकं काय करतात, हे त्यांनी मोजलं होतं. अमेरिकेत जवळजवळ सगळा वेळ शिकवलेली रीत पुन्हा पुन्हा गिरवण्यात जात होता. जर्मनीतही बहुतेक तेच. जपानमध्ये मात्र सुमारे ४४ टक्के वेळ मुलं नवी रीत शोधण्यात, स्वतः डोकं चालवण्यात घालवत होती. तिथला शिक्षक तासाच्या सुरुवातीलाच एक अवघड गणित टाकतो आणि थांबतो. रीत सांगत नाही. मुलं धडपडतात, चुकतात, वेगवेगळ्या वाटांनी जातात. मग तो त्या सगळ्या वाटा फळ्यावर शेजारी शेजारी मांडतो, चुकलेलीसुद्धा, आणि वर्ग मिळून त्यांची तुलना करतो. तास संपेपर्यंत काही पुसत नाही, म्हणजे विचार कुठून निघाला आणि कुठं पोचला ते सगळ्यांना दिसत राहतं. आपल्या शॉपमधला तो फळा आणि जपानी वर्गातला हा फळा सख्खे भाऊ आहेत. आपण एक आणला आणि दुसरा तिथंच ठेवला.

स्टिगलरनी जपानमधल्या एका चौथीच्या वर्गाची आठवण सांगितली आहे. मुलांना घन काढायचा होता, तिन्ही मिती दिसतील असा. एका मुलाला तो जमत नव्हता. शिक्षकानं नेमकं त्यालाच फळ्यावर बोलावलं. आपल्याकडं असं झालं तर ती शिक्षाच समजायची. पण तिथं तो मुलगा काढत राहिला, मध्येमध्ये शिक्षक वर्गाला विचारत राहिला, जमलं का? मुलं मान हलवून नाही म्हणत राहिली, हसलं कुणी नाही. तास संपत आला तेव्हा त्याला तो घन जमला आणि सगळ्या वर्गानं टाळ्या वाजवल्या. मुलगा हसत जागेवर जाऊन बसला. चूक ही त्या वर्गात लाजिरवाणी गोष्ट नव्हती. ती अजून पुरं न झालेलं काम होतं. आपल्या कारखान्यात रिजेक्ट झालेला जॉब आपण लाल पेटीत ठेवतो, फेकत नाही, कारण त्यातून कारण सापडतं. मग मुलाच्या वहीतल्या लाल रेघेला आपण एवढे का घाबरतो?

कुणी म्हणेल, जपानी माणसाचं डोकंच वेगळं. हे खोटं आहे, आणि मोठं घातक आहे. स्टिगलर आणि हॅरल्ड स्टीव्हनसन यांनी मिनिअ‍ॅपोलिस, सेंदाई आणि तैपेई या शहरांतल्या आयांशी बोलून पाहिलं होतं. मूल मागं का पडतं, या प्रश्नावर अमेरिकन आयांचा भर मुळातल्या हुशारीवर जास्त होता, तर जपानी आणि चिनी आयांचा कष्टावर. ‘आमच्या धाकट्याचं डोकंच नाही गणिताचं’ हे वाक्य आपल्या वस्तीत दर दुसऱ्या घरात ऐकू येतं. ते आपण सोडलं पाहिजे. आईबापानं म्हटलेलं असं वाक्य मुलाच्या पाठीवर जन्मभर राहतं.

आणि आपली मुळं विसरू नका. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स सुरू झालं, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं, टेल्को आली, आकुर्डीला बजाज आली. आकुर्डी, भोसरी, चिखलीच्या ज्या रानात बाजरी पिकत होती, तिथल्या पोरांनी एका पिढीत मिलिमीटरचा हजारावा भाग मोजायला शिकून घेतलं. त्यांच्या मागून लातूर, बीड, सोलापूर, बुलढाण्याहून आलेल्यांनीही. नांगरावरची माणसं मायक्रोमीटरवर आली. डोकं कमी आहे असं यांच्या मुलांना कुणी सांगू नये.

जगातल्या सगळ्या संस्कृतींतली मुलं विचार करतात. फरक एवढाच, की कुठल्या समाजानं कशाचा सराव दिला. पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियात क्पेले नावाचे शेतकरी राहतात. तिथं अभ्यासकांनी त्यांच्यापुढं वीस वस्तू ठेवल्या, सारख्या सारख्या एकत्र करायला सांगितल्या. अभ्यासकांना वाटलं होतं, खायच्या वस्तू एकीकडं आणि हत्यारं एकीकडं करतील. त्या लोकांनी सुरी संत्र्याजवळ ठेवली. का? सुरीनं संत्रं कापतात. बटाट्याजवळ कुदळ. शहाणा माणूस असंच लावणार, असं ते म्हणत. शेवटी कंटाळून अभ्यासकानं विचारलं, बरं, मूर्ख माणूस कसं लावेल? त्याबरोबर त्यांनी सगळ्या खायच्या वस्तू एका बाजूला आणि सगळी हत्यारं एका बाजूला मांडून दाखवली. जोसेफ ग्लिक यांनी नोंदवलेला हा प्रसंग मी जेव्हा जेव्हा आठवतो तेव्हा अंगावर काटा येतो. ज्याला आपण ‘येत नाही’ म्हणतो, त्याला ते येत असतं. त्याला ते बिनकामाचं वाटत असतं, एवढंच. आपल्या वर्गातली किती पोरं अशीच ‘ढ’ ठरवली गेली असतील!

आता बाजारात या. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ, कलिंगडं विकणाऱ्या पाच मुलांवर १९८५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. धंदा करताना त्यांचे हिशेब ९८ टक्के बरोबर. तेच हिशेब कागदावर शाळेच्या पद्धतीनं दिले तर जेमतेम ३७ टक्के. आणि २०२५ मध्ये अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारातल्या मुलांबद्दल तेच दाखवलं. बाजारातली मुलं तोंडी मोठमोठे हिशेब करतात, पण शाळेतल्या गणिताशी त्याचा सांधा जुळत नाही. आणि उलटंही खरं निघालं. शाळेत जाणाऱ्या मुलांना कागदावरचं गणित येतं, पण बाजारातला साधा व्यवहार करताना ती अडखळतात. म्हणजे दोन्हीकडं अर्धंअर्धं. हातातलं गणित आणि वहीतलं गणित यांच्यामध्ये भिंत आहे, आणि ती भिंत पाडणं हेच शाळेचं काम आहे.

चिखली-कुदळवाडीच्या बाजूला भंगारात वाढलेली मुलं मी पाहिली आहेत. पितळ कुठलं, तांबं कुठलं, कुठल्या ॲल्युमिनियमला किती भाव, हे ती वजन हातात धरून सांगतात. हातात धरून! आकाराच्या मानानं वजन, यालाच तर घनता म्हणतात. अशा एका मुलाच्या तळहातात घनता आहे आणि वहीत तो ती पाठ करतोय. वर्गात एक तराजू, एक पाण्याचं भांडं आणि दोन तुकडे आणले असते, तर त्यानं सगळ्या वर्गाला शिकवलं असतं. उलट तो बिहारहून आला, त्याला मराठी नीट येत नाही, म्हणून मागच्या बाकावर.

पण दुसऱ्यांचं डोळे मिटून घेऊ नका. कोरियातली मुलं जगभरच्या चाचण्यांत वरच्या जागी असतात, पण तिथं खासगी क्लासेसचा, त्यांना हागवॉन म्हणतात, एवढा कहर झाला की सोलमध्ये रात्री १० नंतर क्लास चालवायला बंदी घालावी लागली. शेवटी त्यांनाच जाणवलं, की गुण आहेत पण पोर दमलंय. म्हणून २०१३ पासून माध्यमिक शाळेत एक ‘मुक्त सत्र’ सुरू केलं आणि २०१६ मध्ये देशभर नेलं. त्या सत्रात लेखी परीक्षा नाही, मुलांनी आपल्या आवडीचं शोधायचं, करून पाहायचं. जर्मनीतलं हातकामाचं शिक्षण वाखाणण्यासारखं आहे. तिथं कारखाना आणि शाळा मिळून कारागीर घडवतात. पण त्याच देशात बहुतेक ठिकाणी चौथीनंतर, म्हणजे दहाव्या वर्षाच्या आसपास, मूल कुठल्या प्रकारच्या शाळेत जाणार हे ठरतं, आणि गरिबाचं मूल तिथंही मागच्या रांगेत जातं. आपण जपानचं पोका-योके घेतलं, तसं या देशांच्या चुकांमधूनही शिकावं.

आपली परिस्थिती काय आहे? २००९ च्या फेरीत तामिळनाडू आणि हिमाचल प्रदेश ही दोन राज्यं पंधरा वर्षांच्या मुलांच्या पिसा या आंतरराष्ट्रीय चाचणीला बसली. ७४ सहभागी देश-प्रदेशांत दोन्ही अगदी तळाजवळ राहिली. त्यानंतर २०१२, २०१५, २०१८ च्या फेऱ्यांना देश बसलाच नाही. ताप आला म्हणून थर्मामीटर फोडायचा, असं घरात कुणी करत नाही.

आणि महाराष्ट्रात आपण काय करतो? शिष्यवृत्ती परीक्षेत बुद्धिमत्ता चाचणीचा भाग असतो. मूल न शिकवलेल्या गोष्टीला कसं भिडतं, हे पाहायला. त्याच चाचणीची आपण जाडजूड गाईडं काढली, क्लास लावले, पन्नास नमुने घोकून घेतले. विचार मोजायच्या चाचणीलाही पाठांतराचा विषय करून टाकलं! मी त्या मुलांना दोष देत नाही. पहाटे पाचला उठून सराव संच सोडवणारी ती लेकरं आहेत. आपण त्यांना चुकीच्या चढावर घामाघूम केलंय.

जपानचा फळा आपल्याकडं नव्हता असं नाही. फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे नावाच्या मातंग समाजातल्या मुलीनं १८५५ मध्ये मांग-महारांच्या दुःखाबद्दल निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदय’त छापून आला. वय कोवळं, शाळेत जाऊन थोडीच वर्षं झालेली. त्या पोरीनं धर्माला, पेशवाईला, शिकलेल्या पंडितांना सरळ ‘का’ विचारला. तिला कुणी गाईड दिलं नव्हतं. तिला फक्त कुणी गप्प केलं नव्हतं. पुढं ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि मग कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी शाळा उभी केली. मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळा कुरणावर गेली, कुरणशाळा झाली. पानं, बिया, शिंपले हेच साहित्य. मुलाचं आयुष्य आणि मुलाचा अभ्यास यांच्यामधली भिंत त्यांनी तेव्हाच पाडायला घेतली होती. १९६२ मध्ये पुण्यात आप्पा पेंडशांनी ज्ञानप्रबोधिनी काढली. त्याच वर्षी औद्योगिक महामंडळ निघालं, हा योगायोग मला नेहमी बोलका वाटतो. तिची शाळा आपल्या निगडीतही आहे.

आणि आपल्या शॉपमधलाच एक माणूस पाहा. आयआयटी कानपूरहून शिकून अरविंद गुप्ता १९७० च्या दशकात पुण्याच्या टेल्कोत लागले. १९७८ मध्ये रजा घेऊन ते मध्य प्रदेशात होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. त्या कार्यक्रमात खेड्यातली मुलं प्रयोग करून विज्ञान शिकत आणि परीक्षेला पुस्तक सोबत नेत. गुप्तांनी तिथं सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब कापली आणि तिच्या तुकड्यांत काडेपेटीच्या काड्या खोचल्या. तीन काड्यांचा त्रिकोण केला, तो ओढा, दाबा, हलत नाही. चार काड्यांचा चौकोन केला, तो लगेच तिरका होतो. मग मुलाला विचारा, चौकोन घट्ट कसा होईल? मूल खटपट करतं, आडवी काडी लावतं, आणि ओरडतं, झाला! ट्रकच्या चॅसिसला, पुलाला, पत्र्याच्या शेडला तिरका आधार का असतो ते त्याला पाठ करावं लागत नाही. चार आण्यांच्या साहित्यात. पुढं ते पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत वर्षानुवर्षं मुलांना खेळणी करायला शिकवत राहिले, २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. ही माणसं आपल्यातली आहेत. मग असा एकच टेल्कोवाला का? आपण हजारो आहोत.

खेड तालुक्यातलीच, म्हणजे चाकण ज्या तालुक्यात आहे त्याच तालुक्यातली, जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा घ्या. दत्तात्रय वारे गुरुजींनी आणि गावकऱ्यांनी ती उभी केली. तिथं मुलं एकमेकांचे विषयमित्र होतात. ज्याला जे येतं ते तो दुसऱ्याला शिकवतो, मोठा लहानाला, कधी लहान मोठ्याला. दुसऱ्याला समजावून सांगताना आपल्याला काय कळलं नाही ते आपल्यालाच कळतं, हे ज्यानं नवा हेल्पर शिकवला आहे तो सांगेल. २०२५ मध्ये जगातल्या उत्तम शाळांच्या स्पर्धेत लोकांच्या मतांतून दिला जाणारा पुरस्कार या शाळेला मिळाला. सरकारी मराठी शाळा. तुमच्या बसच्या मार्गापासून फार लांब नाही. इंग्रजी माध्यमाच्या फीपायी कर्ज काढणाऱ्या माझ्या बांधवांनो, एकदा रविवारी मुलांना घेऊन तिकडं जाऊन या.

आता थांबायची वेळ नाही. बापांनो, बायांनो, तुमच्या हातात कायदा आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ नं प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेला व्यवस्थापन समिती बंधनकारक केली आहे. तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. त्या खुर्च्या रिकाम्या राहतात, नाहीतर कुणाच्या तरी सांगण्यावरून सह्या होतात. तिथं जा. वायरिंग हार्नेसच्या लाईनवर उभ्या राहणाऱ्या ताई, तू जा. दिवसाला शेकडो जोडण्या तपासतेस, तुला चूक ओळखता येते. बैठकीत बाकं आणि रंग यांच्याबद्दल विचारून झालं की एवढंही विचार, की या महिन्यात मुलांनी असा कुठला प्रश्न विचारला ज्याचं उत्तर पुस्तकात नव्हतं? पहिल्या बैठकीत सगळे तोंडाकडं बघतील. दुसऱ्या बैठकीला कुणीतरी एक प्रश्न लिहून आणेल.

गुरुजींनो, बाईंनो, तुमच्यावर माहिती भरायची, ॲपवर फोटो टाकायची, सर्वेक्षणाला जायची किती कामं टाकली आहेत ते आम्ही पाहतो. कायद्यानं जनगणना, आपत्ती आणि निवडणूक एवढीच कामं शिक्षकाला देता येतात. बाकीच्यासाठी तुम्ही आवाज उठवा, आम्ही पालक तुमच्या मागं उभे राहू. पण उरलेल्या तासातली दहा मिनिटं मुलांच्या चुकीच्या उत्तरांना द्या. चाकणच्या शाळेत संग्रामदुर्गाचा धडा घेताना १६६० हे साल आणि फिरंगोजी नरसाळ्यांचं नाव तर शिकवाच, आणि मग मुलांना किल्ल्यावर न्या. विचारा, सपाटीवरचा एवढासा भुईकोट शाहिस्तेखानाच्या अफाट फौजेपुढं जवळजवळ दोन महिने कसा टिकला? पाऊस कुणाच्या बाजूनं होता? बुरुज सुरुंगानं उडवला, तर भुयार कुठून खणलं असेल, माती कुठं टाकली असेल? मुलं खंदकाच्या काठावर पावलं मोजायला लागतील. उत्तर चुकलं तर चुकू द्या, कारण मात्र मागा.

कारखानदारांनो, कायद्यानं तुमच्यातल्या मोठ्यांच्या नफ्यातले दोन टक्के समाजासाठी काढावे लागतात. तुम्ही शाळेला टॅब देता, भिंती रंगवता, फलक लावता. चांगलं आहे. पण तुमच्याकडं टॅबपेक्षा मोलाची गोष्ट आहे. ज्यानं जाळी शोधली तो ऑपरेटर, जी चाळीस वर्षं गेज लावते ती इन्स्पेक्टर, जो फिक्श्चर वळवतो तो टूलरूमचा मिस्त्री. त्यांना महिन्यातून एक दिवस, भरपगारी, जवळच्या शाळेत पाठवा. रिजेक्ट झालेले जॉब, मोडके बेअरिंग, जुने व्हर्निअर त्यांच्या पिशवीत द्या. मुलांनी ते हातात घेऊन बघू द्या, की हे का मोडलं असेल. आणि वर्षातून एकदा मुलांना शॉपमध्ये आणा, पिवळ्या रेषेच्या आतून का होईना. बापाच्या हाताखाली लोखंड कसं आज्ञेत चालतं, हे त्याच्या पोरीनं एकदा पाहायलाच हवं.

महापालिका, जिल्हा परिषद, नगरसेवक, सरपंच, सगळ्यांना सांगतो. या शहरात ऑटो क्लस्टर आहे, सायन्स पार्क आहे. सहल म्हणून वर्षातून एकदा बघायच्या जागा त्या राहू नयेत. प्रत्येक प्रभागात एक खोली, त्यात एक टेबल, पाना-पक्कड, तराजू, सायकलच्या जुन्या ट्यूब, संध्याकाळी दोन तास उघडी. आम्ही निवृत्त लोक आळीपाळीनं बसू. माझं नाव पहिलं लिहा.

आणि घरात? घरात तर आजच सुरू करता येतं. मुलानं ‘का’ विचारलं आणि आपल्याला येत नसेल, तर एवढंच म्हणायचं, मला माहीत नाही, बघूया. बापाला माहीत नाही हे कळलं म्हणून मुलाच्या मनातला बाप लहान होत नाही. बाप आपल्याबरोबर शोधतोय, हे त्याला दिसतं.

त्या संध्याकाळी मी कप खाली ठेवला आणि त्या ऑपरेटरला म्हणालो, ‘सकाळी जाळी काढलीस ना, तशी एकदा इथं काढ.’ तो माझ्याकडं बघत राहिला. मग उठला. समोरच्या रसवंतीवाल्याकडून बर्फाचा खडा आणला. स्टीलचा पेला ताटलीत ठेवला, त्यात खडा टाकला, आणि काठोकाठ, अगदी आता सांडेल असं पाणी भरलं. बर्फाचं टोक पाण्याच्या वर आलेलं. लेकीला म्हणाला, ‘सांग. हा बर्फ वितळला की पाणी ताटलीत सांडेल का?’

सांडेल, ती म्हणाली, बर्फ वर आलाय तेवढं पाणी वाढेल. स्वयंपाक करणारी आई ओट्यावरून म्हणाली, नाही सांडायचं. का नाही, ते तिला सांगता येईना. शेजारचा मुलगा दारात येऊन उभा राहिला, तोही ‘सांडेल’वाल्यांत गेला. गाईड पालथं पडलं होतं. चौघं त्या पेल्याभोवती गुडघे दुमडून बसली. बापानं उत्तर सांगितलं नाही, सकाळच्या सुपरवायझरसारखा तो फक्त वाट बघत राहिला.

खडा लहान लहान होत गेला. शेवटी सुपारीएवढा राहिला, मग तोही दिसेनासा झाला. पाणी काठाला तसंच थांबलेलं. मुलगी डोळे पेल्याच्या काठाशी नेऊन बघत होती. तिनं हळूच पेल्याच्या बाहेरून बोट फिरवलं. बोट ओलं झालं.

‘पप्पा,’ ती म्हणाली, ‘पाणी सांडलं तर नाही. मग हे बाहेर कुठून आलं?’